असता, असते आणि वुड

रात्री 9 वाजता साहेबांचा मेल आला : काल मीटिंगला का नव्हता? उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं. ‘तुम्ही सांगितलं असतंत तर आलो असतो.’ सहा शब्द आणि त्यात वाटाण्याएवढा टोमणा.

साहेब मूळचे सांगलीचे. पण ऑफिसात तोंडी शिवी मराठीत आणि लेखी विचारणा इंग्रजीत, अशी वाटणी आहे. म्हणून टाइप केलं : ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ कानाला झकास वाटलं. मराठीत दोन्हीकडे ‘असतं’, तसं इथे दोन्हीकडे ‘वुड’. जावा-जावांना सारख्याच साड्या, भांडण नको. तेवढ्यात वाक्याखाली रंगीत रेघ उमटली.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. सरांनी बजावलं होतं, ‘इफच्या घरात विल आणि वुडला पाट मांडायचा नाही.’ म्हणजे उद्याच्या पावसाबद्दल बोलताना ‘इफ इट रेन्स’. ‘विल’ने शेजारच्या घरात बसायचं. हे पाठ झालं. मग कुठल्याशा काउंटरवर ‘इफ यू वुड काइंडली वेट’ अशी पाटी दिसली. विनवणी करायची असेल तर म्हणे वुडलाही पाट मिळतो! आणि ‘इफ आय वेअर अ बर्ड’? आयपुढे वॉज, आयपुढे वॉज, असं महिनाभर घोकून घेतलं होतं. पक्षी झाल्याबरोबर व्याकरणही उडालं.

खरं तर जर-तर आपल्याला काय नवीन? मराठीच्या तासाला ‘संकेतबोधक उभयान्वयी अव्यय’ हे नाव न अडखळता म्हणायचो. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ यांवर पानंच्या पानं भरली. आता बघा, ‘झालो’! पंतप्रधान व्हायचं पुढे कधीतरी, क्रियापद मात्र होऊन गेल्यासारखं. त्याचा कधी राग आला नाही. पण आज खिशात नसलेल्या पैशांसाठी इंग्रजाने ‘इफ आय हॅड मनी’ म्हटलं, की आम्ही विचारणार, भूतकाळ कशाला?

शिवाय मराठीत ‘जर’ बिनधास्त गाळावा, ‘तर’ गेला की वाक्य लंगडतं. इंग्रजीत उलटं : ‘देन’ गेला तरी चालतो, ‘इफ’ हवा. हे कुठे अंगवळणी पडतंय, तोवर कोणीतरी ‘हॅड यू टोल्ड मी’ म्हणून ‘इफ’ही गिळून दाखवतो.

साडेदहा वाजले. सौ. दोनदा जेवायला हाक मारून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, एवढंच ना? लिहा की.’ ही म्हण इंग्रजीत नेताना मला घाम फुटला. मिशा कधी नव्हत्या? आत्ता, की तेव्हा? आत्ता नसतील तर ‘हॅड’ आणि ‘वुड कॉल’. गेल्या दिवाळीत नव्हत्या असं म्हणायचं, तर ‘हॅड हॅड’ आणि ‘वुड हॅव कॉल्ड’. ‘हॅड हॅड’ लिहिताना हात थरथरतो. मराठीतल्या मिशा एका ‘असत्या’त तिन्ही काळ भागवतात.

शेवटी रेघ घालवली : ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ पण आता वाक्य इतकं बरोबर झालं होतं, की टोमणा उघडा पडला. दहा मिनिटं पाहत बसलो, सगळं खोडलं आणि पाठवलं : ‘सॉरी सर.’

साहेबांचं उत्तर 2 मिनिटांत आलं : ‘इफ यू वुड हॅव कम, इट वुड हॅव बीन बेटर.’

मी तो मेल ‘महत्त्वाचे’ या फोल्डरात ठेवला आणि जेवायला बसलो. आमटी गार झाली होती.