सॉकेटमधले अँपिअर मोजायचे नसतात, बाप्पा

परवा संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, तुह्या भाशानं घरात स्फोट केला." मागून पोरगा ओरडत होता, "स्फोट नाही मामा, मीटरच खराब निघालं!"

दुकान बंद केलं, गाडीला किक मारली आणि चौदा किलोमीटर गेलो. बैठकीतला बोर्ड सॉकेटभोवती काळा पडलेला. मीटर म्हणजे मल्टीमीटर, व्होल्ट-अँपिअर मोजायची हातातली डबी; तिच्या लाल प्रोबचं, म्हणजे टोचायच्या वायरीचं, टोक वितळून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी झालेली. पोराच्या अंगठ्याला फोड, एका भुवईचे केस जळालेले, पण डोळे शाबूत. मी कटआउट उघडून पाहिला. फ्यूज तारेच्या जागी कोणा शहाण्यानं मोटरसायकलच्या क्लच वायरचे दोन पदर पिळून बसवले होते. म्हणजे घरच्या फ्यूजचं काम खांबावरच्या फ्यूजला करावं लागलं, आणि सोबत आजूबाजूची तीन घरं अंधारात गेली.

"काय करत होता तू?"

"काही नाही मामा, सॉकेटमंधी किती अँपिअर येते ते पाहात होतो. व्हिडिओत तं तसंच सांगतलं हाय."

तो व्हिडिओ मलाही आला होता. एकदा नाही, तीनदा, त्यातला एक खुद्द माझ्या साळ्यानं पाठवलेला. 'दीडशे रुपयांचं मीटर घ्या, वायरमनला विसरा' असं वर ठळक लिहिलंय आणि खाली सात मुद्दे. सेल आणि बॅटरी तपासा. सॉकेटमधले अँपिअर मोजा. स्विच बंद असताना व्होल्ट दिसले तर वायर लीक आहे, त्यानंच बिल वाढतं. 230 दिसलं की लाइन ठीक, दोष मशीनमध्ये. मोटरच्या वायरींवर बीप वाजली की मोटर चांगली. फेज आणि अर्थिंगमध्ये 230 आलं की अर्थिंग पक्की. आणि शेवटी, टेस्टर फेकून द्या. तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. आता बहिणीच्या घरची भिंत काळी झाली, म्हणून लिहितो.

सुरुवात अँपिअरपासूनच करतो, कारण यानं माणूस जागच्या जागी जाईल.

सॉकेटमध्ये अँपिअर, म्हणजे वाहता करंट, 'येत' नाहीत. तिथं असतो दाब, 230 व्होल्टचा. पाण्याची टाकी गच्चीवर भरून ठेवली आणि सगळे नळ बंद आहेत, तर नळातून किती पाणी वाहतं? काहीच नाही. पंखा लावला की त्याला लागतो तेवढा करंट तो ओढतो, शेगडी लावली की तिला लागतो तेवढा. 'या सॉकेटमध्ये किती अँपिअर' हा प्रश्नच चुकीचा. बोर्डावर 6 किंवा 16 लिहिलेलं असतं ते सॉकेट किती सहन करू शकतं ते, देतं किती ते नाही.

आता मीटरच्या पोटात काय होतं ते सांगतो. भाच्याचं जळकं मीटर मी त्याच्यासमोरच उघडलं. 10 अँपिअर लिहिलेल्या भोकाच्या मागं एक जाड तार कमानीसारखी वाकवून डाग दिलेली असते. तिला शंट म्हणतात. तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण एका ओहमचा शंभरावा भाग. तेच मीटर व्होल्टवर ठेवलं की दोन प्रोबमध्ये दहा लाख ओहम असतात, चांगल्या मीटरमध्ये एक कोटीपर्यंत. एकच डबी, तेच दोन प्रोब, पण लाल वायर कोणत्या भोकात आहे यावर दहा कोटी पटीचा फरक पडतो. व्होल्टच्या भोकात असली तर मीटर लाइनला जेमतेम शिवतं. 10 अँपिअरच्या भोकात असली तर मीटर नाहीच, तुम्ही सॉकेटच्या दोन छिद्रांमध्ये सरळ तारेचा तुकडा घातलाय. 230 ला 0.01 नं भागा, 23 हजार अँपिअर येतात. गावातल्या वायरी तेवढा करंट वाहू देत नाहीत हे आपलं नशीब, पण काहीशे तरी वाहतात, आणि प्रोबचं टोक वितळायला तेवढे पुष्कळ झाले.

यात आणखी एक गंमत आहे, जी त्या व्हिडिओवाल्यालाच ठाऊक नसावी. बाजारात मिळणाऱ्या त्या पिवळ्या-काळ्या स्वस्त मीटरमध्ये एसी अँपिअर मोजायची सोयच नाही. गोल बटणावर करंटचा जो भाग आहे तो फक्त डीसीचा, सेल आणि बॅटरीसाठी. घरची लाइन एसी. समजा चमत्कार झाला आणि काही जळालं नाही, तरी आकडा बरोबर आला नसता. आणि त्या भोकाशेजारी इंग्रजीत बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं. म्हणजे आत फ्यूज नाही, जे होईल ते तुमच्या हातात होईल. मी भाच्याला भिंग देऊन ते वाचायला लावलं. त्यानं वाचलं, मान खाली घातली.

मग करंट मोजायचाच नाही का? मोजायचा, पण रस्त्यात उभं राहून. फवारणीच्या बॅटरी पंपाची एक वायर काढा आणि तिच्या जागी मीटर मध्ये घाला, म्हणजे पंपाला जाणारा करंट मीटरमधून जाईल. तीन-चार अँपिअर दाखवेल. दहा सेकंदांत पाहून घ्या आणि काढा. घरच्या लाइनवर किंवा मोटरवर करंट पाहायचा तर टोंग टेस्टर घ्या. तो वायरीच्या बाहेरून चिमट्यासारखा पकडतो, काहीच उघडावं लागत नाही. पाच एचपीची मोटर 415 व्होल्टवर सात-साडेसात अँपिअर घेते, टोंग टेस्टर बारा दाखवत असेल तर मोटर जळायला टेकली म्हणून समजा. हे एवढं त्या सात मुद्द्यांत कुठंच नाही.

बॅटरीचा मुद्दा त्याचा खरा आहे, मान्य. 12 व्होल्टची बॅटरी भरली की 12.6-12.7 दाखवते, 12 च्या खाली आली की रिकामी. पण अर्धंच सांगितलंय. मागच्या हंगामात एक कास्तकार फवारणी पंप घेऊन आला, म्हणे मीटरवर 12.4 येते, मग चालत काहून नाही? मी पंपाचं बटण दाबून परत मीटर लावलं, 8.9. आतल्या प्लेटी गेलेल्या. बॅटरीचा कस काम करताना कळतो, बसून असताना सगळ्याच धडधाकट दिसतात.

लाइनचंही तेच. '230 दिसलं म्हणजे लाइन ठीक' हे वाक्य मला दर आठवड्याला कोणी ना कोणी ऐकवतं. एका पिठाच्या गिरणीत तिन्ही फेज मोजले, एकमेकांत 412, 410, 413. मालक खूश, म्हणे मोटर तुम्हीच बिघडवली. गिरणी सुरू केली आणि पुन्हा मोजलं, तर एका जोडीत 290. कटआउटमधली एक चिमटी काळी पडून सैल झाली होती. मोटरचा दोष शून्य. मीटर स्वतः करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं सैल जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. लोड टाकला की खरं चित्र दिसतं.

आणि ह्याच कारणानं बंद स्विचवर 40, 70, 90 व्होल्ट दिसतात. एकाच पाइपातून दोन वायरी लांबवर सोबत गेल्या की चालू वायर शेजारच्या सुट्या वायरीत थोडा व्होल्ट उठवते. दहा लाख ओहमच्या मीटरला तोही दिसतो. होल्डरमधला जुना पिवळा बल्ब तिथं लावा, आकडा तिथंच शून्यावर येईल. यानं बिल वाढत नाही. हां, कधी कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकलेला असतो, तेव्हा बटण बंद असलं तरी होल्डरवर फेज असतो. तो दोष खरा आणि धोक्याचा. एलईडी बल्ब रात्री बंद असतानाही मिणमिणत असेल तर हे एकदा तपासून घ्या. एवढ्यापुरतं त्या व्हिडिओचं ऐकतो, पण 'लीक' आणि 'बिल' हे शब्द त्यानं कुठून आणले कोण जाणे.

आता मोटरची बीप. भिंत काळी झाली नाही तरी या मुद्द्यावर मी लिहिलंच असतं, कारण ओलिताच्या रात्री धुऱ्यावर ओल्या पायानं चालणारा माणूस ह्याची किंमत मोजतो.

बीप वाजते याचा अर्थ एवढाच की वायर कुठं तुटलेली नाही. दोन प्रोबमध्ये काही दहा-वीस ओहम असले की मीटर ओरडतं. वाइंडिंगचे चार वेढे आपसात जळून चिकटले असतील तरी बीप वाजेल, आणि वाइंडिंग पाण्यात भिजून बॉडीला करंट देत असेल तरीही वाजेल. मीटर ओहम मोजताना आतल्या सेलवरून दोन-तीन व्होल्ट लावतं. मोटरवर येणार 415. दोन-तीन व्होल्टला अडवणारा वाइंडिंगमधला ओला कागद 415 ला अडवेल कशाला?

त्यासाठी मेगर असतो, म्हणजे मोठा व्होल्ट लावून इन्सुलेशन (तारेवरचं आवरण) तपासायचं यंत्र. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत (त्यांच्या जागी 2023 मध्ये नवे आले) सरळ लिहून ठेवलं होतं की लो आणि मीडियम व्होल्टेजच्या जोडणीत जिवंत तार आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्ट एक मिनिट लावल्यावर इन्सुलेशन किमान 1 मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरलं पाहिजे. 500 व्होल्ट, एक मिनिट, 1 मेगाओहम. बीपचं नावसुद्धा नव्हतं त्यात. व्हिडिओवाला म्हणतो 'मेगर म्हणजे दुकानदाराचा पैसे काढायचा धंदा'. मी दुकानदार, तेव्हा माझं बोलणं तुम्हाला धंद्याचं वाटेल, खुशाल वाटू द्या. गेल्या चन्याच्या दिवसांत एकाची बोअरची मोटर आली, तिन्ही वायरींत सारखे ओहम, बीप टणटणीत. मेगर लावला तर काटा शून्यावर चिकटून. केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं. तो गडी आठ दिवसांपासून लोखंडी पाइप धरून वॉल्व्ह फिरवत होता आणि 'हात जरासा मुंग्या येतात' म्हणत होता. मुंग्या!

वर बीप लावताना आधी मेन स्विच पाडा, एवढंही त्या पठ्ठ्यानं सांगितलं नाही. सिंगल फेजच्या स्टार्टरमधला कंडेन्सर तर लाइन गेल्यावरही भरलेला राहू शकतो. तो रिकामा केल्याशिवाय प्रोब लावू नका आणि बोटही.

अर्थिंगचं लवकर उरकतो. आपल्याकडं चैत्र-वैशाखात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा माती आणि पत्रा यांची भेटच होत नाही. समजा तिथला रेझिस्टन्स दहा हजार ओहम झाला. दहा लाख ओहमच्या मीटरला तरीही 228 च्या आसपास व्होल्ट दिसतील, तुम्ही म्हणाल पक्की. पण उद्या कूलरच्या पत्र्याला फेज टेकला तर त्या अर्थिंगमधून 23 मिलिअँपिअर जातील. त्यानं कोणता फ्यूज उडणार? पत्रा तसाच जिवंत राहील. म्हणजे हे माप फार तर 'अर्थिंगची वायर तुटलेली आहे का' एवढं सांगतं. खरी मोजणी अर्थ टेस्टरची, जमिनीत वेगळे दोन खिळे ठोकून.

टेस्टर फेकून द्या म्हणणाऱ्याशी भांडायचा उत्साह आता नाही. टेस्टर फसवतो, कबूल. कडक उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही, लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर नीट पेटत नाही. पण मीटरही फसवतं. सेल उतरलेला असला, प्रोबची वायर आतून तुटलेली असली तर जिवंत लाइनवर शून्य दाखवेल आणि तुम्ही हात घालाल. म्हणून आमच्या उस्तादांनी शिकवलेली रीत अशी: मीटर आधी चालू सॉकेटवर लावून पाहायचं, मग बंद केलेल्या जागेवर, मग परत चालू सॉकेटवर. ते मीटरला शेवटपर्यंत अ‍ॅव्होमीटर म्हणायचे, अँपिअर-व्होल्ट-ओहम, आणि अँपिअरचं भोक दुकानातल्या पोरांना पहिलं वर्षभर वापरू द्यायचे नाहीत.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी नवं मीटर आणून दिलं. शिकायची हौस आहे पोराला, ती मारायची नाही. बहिणीच्या कटआउटमध्ये बरोबर मापाची फ्यूज तार टाकली. मीटर हातात द्यायच्या आधी 10 अँपिअरचं भोक एम-सीलनं गच्च बुजवलं.

"मामा, मंग फवारणी पंपाचा करंट कसा मोजू?"

"पंप घेऊन दुकानात ये."