सॅटर्नला ग्राहकांनी सोडले नव्हते
सॅटर्न हा मोटारींचा ब्रँड ग्राहकांची आवड बदलल्यामुळे बंद पडला, हे एका लेखातील मत मला अपुरे वाटते. १९९० साली टेनेसीतील स्प्रिंग हिलच्या कारखान्यातून पहिली सॅटर्न बाहेर पडली, तेव्हा घासाघीस न करता ठरलेल्या किमतीत गाडी मिळणे ही अमेरिकेत नवलाईची गोष्ट होती, आणि १९९४ साली ४० हजारांहून अधिक लोक त्या कारखान्याच्या भेटीला जमले ते त्याच विश्वासापोटी. आमच्या घरी सॅटर्नची एसएल२ ही गाडी होती. तिचे दरवाजे बाहेरून पॉलिमरचे (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे) असल्याने अंगठ्याने दाबले की किंचित आत जात आणि सोडताच पूर्ववत होत. वाहनतळावर शेजारच्या गाडीचे दार आदळले तरी पोचा येत नसे. (बॉनेट आणि छप्पर मात्र पोलादीच होते.) पण सॅटर्नची मालक कंपनी जनरल मोटर्सने जवळजवळ दहा वर्षे या ब्रँडला दुसरी मोठी गाडीच दिली नाही, आणि पुढे आलेली एल मालिका जनरल मोटर्सच्याच युरोपातील ओपेल व्हेक्ट्रा या गाडीवर बेतलेली निघाली, सॅटर्नचे वेगळेपण तिथेच विरत गेले. २००९ मध्ये पेन्स्की हा अमेरिकी वाहनविक्री समूह ब्रँड विकत घेण्यास तयार असताना, पुढे सॅटर्नसाठी गाड्या बनवून देण्याची ज्या फ्रेंच कंपनीकडून अपेक्षा होती त्या रेनॉने गाड्या पुरवण्यास नकार दिला आणि व्यवहार फिसकटला, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.