‘फोर्ज्ड पिस्टन टाका, मग इंजिनाला काही होत नाही’: हा सल्ला बोअर खातोय

बुलेट असो, जुनी यामाहा आरएक्स असो की एखादी टर्बो कार, ट्यूनिंगचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: ‘फोर्ज्ड पिस्टन टाका, मग इंजिनाला काही होत नाही. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) कंपनीच्या मॅन्युअलच्या मापानेच करून घ्या. पिस्टनच्या रिंगा पाकिटातून काढून तशाच चढवा. आणि सकाळी इंजिन खटखटलं, तर लेथवाल्याने बोअर जास्त मारला असं समजा.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

‘काही होत नाही’ हे आधी घेऊ. फोर्जिंगमध्ये तापवलेला ॲल्युमिनियमचा गोळा साच्यात प्रचंड दाबाने दाबतात. ओतीव पिस्टनमध्ये राहणारी बारीक छिद्रं त्यामुळे राहत नाहीत आणि पिस्टन तडकण्याआधी बराच मार सोसतो. हे अगदी खरं. पण नॉकिंगचं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याचं, कारण त्याने जात नाही. टायमिंग जास्त ॲडव्हान्स असेल (ठिणगी फार लवकर पडत असेल), मिश्रण लीन असेल (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा कंप्रेशनच्या मानाने पेट्रोलचं ऑक्टेन कमी पडत असेल, तर ते तसंच राहतं. ओतीव पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते आणि लगेच कळतं. फोर्ज्डची हळूहळू दबत जाते, रिंग खाचेत अडकते, आणि तोवर हेड गॅस्केट आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग मार खात बसतात. वितळण्याच्या बाबतीत तर फोर्जिंगचा फायदाच नाही. मिश्रण फार लीन झालं की भोक दोघांनाही पडतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो क्लिअरन्सचा, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधल्या फटीचा मुद्दा. मॅन्युअलमधलं माप कंपनीने स्वतःच्या पिस्टनसाठी काढलेलं असतं. फोर्ज्ड पिस्टन बहुतेक दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के असतं, २६१८ मध्ये जवळपास नसतंच. सिलिकॉन कमी, तर फुगणं जास्त. बुलेट ५०० चा बोअर ८४ मिमी. तापमान १०० अंशांनी वाढलं, तर त्या व्यासाचा २६१८ चा पिस्टन सुमारे ०.१९ मिमी फुगतो, ४०३२ चा ०.१६ मिमी आणि बिडाची स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) जेमतेम ०.०९ मिमी. शिवाय चालत्या इंजिनात पिस्टन स्लीव्हपेक्षा जास्त तापतो. आता ओतीव पिस्टनसाठी ठेवलेल्या तीन-चार शतांश मिलिमीटरच्या फटीत २६१८ बसवा आणि गार इंजिन सुरू करून लगेच ताणा. पिस्टन आधी फुगतो, स्लीव्ह मागे राहते. इंजिन उघडलं की गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना, स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) चार कोपऱ्यांत उभे ओरखडे दिसतात. त्या खुणा दिसल्या की दोष पिस्टनच्या कंपनीला देऊ नका. जागा कमी पडली किंवा इंजिन घाईने तापवलं, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उत्तर ठरलेलं: ‘केटीएम ३९० ला कारखान्यातूनच फोर्ज्ड पिस्टन येतो, तो कुठे सैल असतो?’ त्या इंजिनाचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कठीण थर दिलेला. पिस्टनसोबत सिलिंडरही फुगतो आणि दोन्ही एकमेकांसाठीच आखलेले आहेत. तिथलं माप बिडाच्या स्लीव्हला लावता येत नाही.

म्हणून क्लिअरन्स पिस्टनसोबत आलेल्या पत्रकातून घ्यायचा, आणि तोही मोजून. स्कर्ट पूर्ण गोल नसतो; तो थोडा अंडाकृती आणि मध्ये किंचित फुगीर घासलेला असतो. मायक्रोमीटर गजन पिनच्या काटकोनात, पत्रकात दिलेल्या उंचीवरच लावायचा. पाच मिलिमीटर वर लावलात तर माप वेगळं येईल. स्कर्टवर कोटिंग असेल तर ते धरून मोजायचं की वगळून, हेही पत्रकातच बघा. मग त्याच मायक्रोमीटरवर डायल बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) शून्य करून बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी तपासायचा. पिस्टन आणि ब्लॉक आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत असले पाहिजेत. बोअरिंगवाल्याकडे नुसतं ‘प्लस पन्नास’ (अर्धा मिलिमीटर मोठा बोअर) सांगून निघून येऊ नका. पिस्टन त्याच्या हातात द्या. पिस्टन न पाहता शेवटचं होनिंग (बोअरची बारीक घासाई) करून देणाऱ्याकडे मी तरी काम टाकणार नाही.

सकाळच्या खटखटीचं कारणही इथेच आहे. २६१८ ला जागा जास्त लागते, त्यामुळे गार असताना स्कर्ट भिंतीवर आपटतो. कंपनीच्या पिस्टनमध्ये गजन पिन बहुधा मध्यापासून किंचित सरकवलेली असते, ती आवाज दाबण्यासाठीच. रेसिंगच्या अनेक पिस्टनांत ती बरोबर मध्यावर असते. इंजिन गरम झाल्यावर आवाज विरला तर काळजी नको. गरम इंजिनातही वाजत राहिलं तर मात्र मापं पुन्हा घ्या. रोज ऑफिसला जायची गाडी असेल आणि टर्बो नसेल, तर ४०३२ घ्या. फोर्ज्ड म्हणजे २६१८ च, हा हट्ट रस्त्यावरच्या गाडीत महाग पडतो.

रिंगा तशाच चढवणं तर सरळ जुगार आहे. बऱ्याच रिंगा मुद्दाम कमी गॅपच्या (दोन टोकांमधल्या फटीच्या) देतात, कारण तो घासून बसवायचा असतो. साध्या इंजिनात वरच्या रिंगचा गॅप ढोबळमानाने बोअरच्या ०.००४ पट धरतात. ८४ मिमीला तो ०.३४ मिमी येतो. टर्बोला ०.००६ पट, म्हणजे ०.५० मिमी. रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि फिलर गेजने मोजायचं. कानस एकाच टोकाला, बाहेरून आत चालवायची आणि शेवटी धार मोडायची. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये रुतते आणि रिंगलँड उखडते. गॅप थोडा जास्त राहिला तर थोडं कंप्रेशन जाईल, इंजिन जाणार नाही.

फोर्ज्ड हलकाच असतो, असंही सांगतात. नेहमी नसतो. पिस्टन, पिन, रिंगा आणि सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी कडी) एकत्र वजन करा, जुन्या सेटशी ताडून बघा. सर्क्लिप मात्र दर वेळी नवीच वापरा.

आणि हेड कायमचं कसण्याआधी पिस्टनच्या डोक्यावर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. व्हॉल्व्हच्या ठशाखाली इनटेकला सुमारे २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी जाडी उरली नाही, तर पिस्टनच्या डोक्यावरचे व्हॉल्व्हसाठीचे खड्डे (पॉकेट) खोल करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.