‘आठ दिवसांत रक्त गेले नाही तर किट घ्या’ : एका घातक संदेशाला उत्तर

परवा रात्री पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. कंडोम फाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानातून ७२ तासांची गोळी, म्हणजे असुरक्षित संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची आपत्कालीन गोळी, आणलीही होती. पण ती घेण्याआधीच मैत्रिणीने पाठवलेला ‘प्रत्येक मुलीने वाचावे’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश तिच्या वाचनात आला आणि गोळी पाकिटासकट पर्समध्येच राहिली. तिने मला विचारले, “मावशी, एका गोळीने पुढे मूल होत नाही, हे खरं आहे का?” तोवर ४१ तास उलटून गेले होते. मी तिला म्हटले, “आधी पाण्याबरोबर गोळी घे, मग बोलू.” मी वीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी आहे. तो संदेश मी त्याच रात्री पूर्ण वाचला, आणि त्याने वाया घालवलेल्या तासांचा राग अजून गेलेला नाही.

संदेशाचा पहिला दावा असा, की ही गोळी म्हणजे गर्भपात. तसे नाही. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते आणि ते बीजकोशातून बीज बाहेर पडण्याची क्रिया थांबवते किंवा लांबवते. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यांची आणि बीजाची गाठ पडू न देणे, एवढेच या गोळीचे काम. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणूनच तासातासाला महत्त्व आहे. गर्भ राहिलेला असेल तर ही गोळी त्याला पाडत नाही आणि इजाही करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन गर्भनिरोधनावरील माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि पुढच्या मातृत्वक्षमतेवर या गोळ्यांचा दुष्परिणाम होत नाही, हेही त्यातच आहे.

तरीही ‘एका गोळीने गर्भाशय कायमचे निकामी होते’ असे संदेश ठासून सांगतो. सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे फुकट मिळणारी माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी बहुतेकींच्या आई-मावश्यांना ठाऊक असेल. तिच्या एका गोळीत हेच लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असते आणि महिन्याला अशा २१ गोळ्या घ्यायच्या असतात, म्हणजे एकूण ३.१५ मिलिग्रॅम. आपत्कालीन गोळीतले प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. माला-एन वर्षानुवर्षे घेऊन, मग बंद करून ज्यांना मुले झाली अशा बाया प्रत्येक गावात आहेत.

पण ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसले, तो तिसरा. ‘गोळी घेतल्यावर आठ दिवसांत रक्त गेले तर गोळी लागू पडली, नाही गेले तर ताबडतोब पाच गोळ्यांचे किट घ्या.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दुसरी जिवावर बेतू शकते. गोळीनंतर काहींना थोडे डाग पडतात, अनेकींना काहीच होत नाही आणि पाळी नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येते. रक्त जाणे हा गोळी लागू पडल्याचा पुरावा नाही आणि न जाणे हा गर्भ राहिल्याचा पुरावा नाही. पाळी तारखेपेक्षा आठवडाभर लांबली, तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. संबंधानंतर तीन आठवड्यांनी ती खात्रीने उत्तर देते. आठव्या दिवशी ती काहीच सांगू शकत नाही.

आणि ‘किट’ म्हणजे मिफेप्रिस्टोनची एक व मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, अर्थात खराखुरा वैद्यकीय गर्भपात. १९७१ च्या कायद्यानुसार तो नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. गर्भ राहिलेला नसताना किट घेतलेल्या मुलीलाही रक्तस्राव होतो, आणि तो पाहून आपण सुटलो असे तिला वाटते. गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असेल तर किटचा त्यावर काहीही उपयोग होत नाही. रक्तस्राव मात्र होतो, पोटातल्या कळा ‘गोळीच्याच’ म्हणून सोसल्या जातात आणि नलिका फुटून आत रक्त साचू लागते. ‘फक्त ते किट द्या’ असे खालच्या आवाजात सांगणाऱ्या मुली काउंटरवर येतात. चिठ्ठी मागितली की त्या मान खाली घालून पुढच्या दुकानाकडे वळतात. त्यांना तिकडे नेमके असेच संदेश धाडतात.

‘वारंवार घेतल्यास पाळी बिघडते’, हे वाक्य मात्र अर्धे खरे आहे, ते मान्य करते. महिन्यातून दोन-तीनदा ही गोळी घेतली तर पाळीचे वेळापत्रक विस्कटते, मळमळ आणि थकवा वाढतो. शिवाय आज घेतलेली गोळी उद्याच्या संबंधांना संरक्षण देत नाही, त्यामुळे नेहमीचे साधन म्हणून ती कमकुवतच ठरते. ज्यांना सारखी गरज पडते त्यांनी कंडोम, माला-एन, तांबी किंवा ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन यांपैकी काही निवडावे. पण या अर्ध्या सत्यावरून ‘म्हणून एकदाही घेऊ नका’ हा निष्कर्ष निघत नाही.

‘२४ तासांनंतर गोळी व्यर्थ’ हेही चूक. परिणाम कमी होत जातो, पण ७२ तासांपर्यंत ती जरूर घ्यावी. त्याहून उशीर झाला तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पपई किंवा तिळाचा काढा अशा घरगुती उपायांनी मात्र गर्भ टळत नाही.

सांगायला हवे होते ते संदेशात कुठेच नाही. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा गोळी घ्यावी लागते. क्षयाचे रिफॅम्पिसिन किंवा फिटच्या आजाराची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे चालू असतील तर या गोळीचा परिणाम घटतो. अशा वेळी दुकानदाराला किंवा डॉक्टरांना ते आधी सांगावे.

शेवटी संदेश बजावतो, ‘ही गोळी घरात ठेवू नका.’ मी नेमके उलट सांगते. ती २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही असते. एक पाकीट मुदतीची तारीख पाहून घरात ठेवावे, कारण रात्री अकराला दुकान बंद असते आणि तास मोजणे तेव्हाच सुरू झालेले असते.