‘समुद्रात पाण्याला काय तोटा?’: न्यूयॉर्कच्या फायरबोटींवरच्या फॉरवर्डला उत्तर

वर न्यूयॉर्कच्या लाल-पांढऱ्या फायरबोटीचा, म्हणजे पाण्यावरून आग विझवणाऱ्या बोटीचा फोटो, तिच्यावरच्या तोफांतून चारी दिशांना उडणारे फवारे, आणि खाली ‘सत्य जाणून घ्या’ म्हणत पाच मुद्दे. हा मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. मुद्दे थोडक्यात असे. एक, न्यूयॉर्कने फायरबोटी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर घाबरून घेतल्या, त्याआधी त्यांचं काही अडलं नव्हतं. दोन, या बोटींचं काम समारंभात फवारे उडवण्यापुरतं. तीन, हल्ल्याच्या दिवशी नव्या बोटी निकामी ठरल्या आणि भंगारातली १९३१ ची बोट कामाला आली, म्हणजे आधुनिकीकरण ही कंत्राटदारांची चांदी. चार, बोटीला आग लागली तर फोम, पावडर, सिलिंडर काही लागत नाही. खाली अख्खा समुद्र आहे, पंप लावा आणि विझेपर्यंत ओतत राहा. पाच, म्हणून गोव्यात असल्या गोष्टींवर खर्च म्हणजे लूट.

दुसऱ्या कुणी पाठवला असता तर सोडून दिलं असतं. पण तो माझ्या भाच्याने पाठवला. वास्कोतल्या खारीवाड्याच्या जेटीवरून सुटणाऱ्या एका ट्रॉलरचं इंजिन तो सांभाळतो. खाली लिहिलं होतं, ‘मामा, मग सिलिंडर रिफिल करायला पैसे कशाला घालायचे? शेठ पण हेच म्हणतो.’ तांडेलाने, म्हणजे ट्रॉलरच्या कप्तानाने, हाच मेसेज ओडिशा-झारखंडच्या खलाशांना हिंदीत वाचून दाखवला म्हणे. म्हणून चौथ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याच्या नादी लागलं तर माणसं मरतील.

ज्या न्यूयॉर्कचा दाखला हा मेसेज देतो, त्याच न्यूयॉर्कच्या बंदरात ‘विझेपर्यंत ओतत राहा’ हा प्रयोग होऊन गेलेला आहे. ९ फेब्रुवारी १९४२. नॉर्मंडी हे तीनशे मीटरहून लांब फ्रेंच प्रवासी जहाज अमेरिकेने ताब्यात घेतलं होतं आणि मॅनहॅटनच्या ८८ नंबरच्या धक्क्यावर त्याचं सैन्यवाहू जहाजात रूपांतर चाललं होतं. कटिंग टॉर्चची ठिणगी सावरीच्या कापसाने भरलेल्या लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडली. जहाजाची स्वतःची आग विझवायची यंत्रणा बंद करून ठेवलेली. धक्क्यावरून बंब आणि नदीच्या बाजूने फायरबोटी अशी दोन्हीकडून पाण्याची झोड उठली. त्या फायरबोटींत ‘फायर फायटर’ नावाची बोट होती, त्या काळातल्या सगळ्यांत ताकदवान फायरबोटींपैकी एक. मिनिटाला २०,००० गॅलन, म्हणजे सुमारे ७५,००० लिटर पाणी फेकणारी.

संध्याकाळपर्यंत आग आटोक्यात आली. पण ओतलेलं पाणी गेलं कुठे? वरच्या मजल्यांवर साचून राहिलं. जहाज डावीकडे कलायला लागलं. ज्याने ते जहाज आखलं तो व्लादिमिर युर्केविच त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होता. तळाच्या झडपा उघडा, जहाज सरळ तळावर बसू द्या, असं तो सांगत होता. त्याचं ऐकलं गेलं नाही. १० फेब्रुवारीच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास ते अख्खं जहाज कुशीवर आडवं झालं. आग विझल्यावर. पाण्याच्या वजनाने. पुढच्या वर्षी मोठ्या खटाटोपाने ते उभं केलं, पण पुन्हा कधी ते समुद्रावर गेलं नाही. १९४६ मध्ये भंगारात विकलं.

आमोण्याहून मुरगावपर्यंत खनिज वाहणाऱ्या बार्जवर मी इंजिन ड्रायव्हर होतो. तिथल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात ओले फाइन्स, म्हणजे खनिजाचा बारीक चुरा, होल्डमध्ये (माल ठेवायच्या पोटात) भरले की हादऱ्यांनी ते चिखलासारखे वाहू लागतात. बार्ज जरा एका अंगाला गेली की सगळा माल त्याच अंगाला सरकतो, कल वाढतो, मग आणखी माल सरकतो, आणि एका घटकेनंतर ती परत येत नाही. डेकवर किंवा बंद खोलीत साचलेलं पाणी याहून वाईट, कारण त्याला वाहायला हादऱ्याचीही गरज नाही. तीनशे मीटरच्या जहाजाची ही गत झाली, तर पन्नास-साठ फुटी ट्रॉलरचं काय होईल? वर बर्फ, मासळी, ओली जाळी यांचं वजन आधीच असतं.

बरं, हे झालं जहाज बुडण्याचं. ट्रॉलरवरची आग बहुतेक वेळा लागते इंजिन रूममध्ये. डिझेलची नळी फुटते, तापलेल्या एक्झॉस्टवर फवारा पडतो, किंवा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, साचलेलं तेल पेटतं. त्यावर पाणी मारलं तर डिझेल पाण्यावर तरंगतं आणि पेटलेलंच पसरतं. तापलेल्या लोखंडावर पाण्याची वाफ होते, तिचा आकार पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट, आणि ती हॅचमधून वर येते ती थेट पाइप धरलेल्याच्या तोंडावर. शेजारी बॅटऱ्या असतात, त्या वेगळ्याच.

भाच्याच्या ट्रॉलरवर मी जाऊन बघितलं. इंजिन रूमच्या शिडीशी एक पावडरचं सिलिंडर नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. गेजचा काटा लाल पट्ट्यात. पिन गंजून दांड्याला चिकटलेली, पक्कड लावल्याशिवाय हलेना. नळीच्या तोंडात ग्रीसचा गोळा. चार पावलांवर स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर आणि शेगडी. अशा ठिकाणी ‘सिलिंडरची गरजच नाही’ हा सल्ला येऊन पोचतो, आणि शेठला तो सोयीचा वाटतो. माझा राग त्या सल्ल्यावर आहे.

पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, तर ते आगीच्या मुळाशी पोचलं नाही म्हणून काय होतं, याचं उदाहरण आपल्याला अमेरिकेत शोधायला नको. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाच्या होल्डमध्ये कापूस पेटला. नऊशे टनांहून जास्त पाणी आत ओतलं. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे हेच सापडलं नाही. त्याच जहाजात दारूगोळा होता. स्फोटांत शेकडो लोक गेले, त्यांत ६६ अग्निशमन जवान. आपल्याकडे दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या आठवणीत. पणजीत सांतिनेजच्या मुख्यालयातही पाळतात. ‘ओतत राहा’ लिहिणाऱ्याला हे माहीत नसावं, किंवा माहीत करून घ्यायचं नसावं.

आता तिसरा मुद्दा. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावं लागतं. जॉन जे. हार्वी ही १९३१ ची बोट. १९३० मध्ये एका जर्मन जहाजावरच्या स्फोटात मरण पावलेल्या फायरबोट पायलटचं नाव तिला दिलेलं. ती नव्वदच्या दशकात निवृत्त झाली आणि १९९९ च्या लिलावात काही हौशी लोकांनी ती घेतली. ११ सप्टेंबरला त्या लोकांनी ती बाहेर काढली, मॅनहॅटनच्या टोकावरून सुमारे दीडशे माणसं हलवली, आणि मग धक्क्याला लागून सलग ८० तास हडसन नदीचं पाणी शहराला पुरवलं. मनोरे कोसळल्याने जमिनीखालच्या पाण्याच्या वाहिन्या फुटल्या होत्या, बंबांच्या नळांना पाणीच येत नव्हतं. त्या माणसांना आणि त्या बोटीला माझा नमस्कार.

पण ‘नव्या बोटी निकामी ठरल्या’? कुठल्या नव्या बोटी? फोटोत जी दिसते ती थ्री फोर्टी थ्री. ती सेवेत आली २०१० च्या सप्टेंबरात. हल्ल्यात गेलेल्या ३४३ अग्निशमन जवानांवरूनच तिचं नाव ठेवलंय. जी बोट नऊ वर्षांनी जन्मली ती त्या दिवशी निकामी कशी ठरेल? त्या दिवशी हार्वीच्या जोडीला पाणी उपसत होत्या त्या सेवेतल्या बोटी म्हणजे १९३८ ची फायर फायटर आणि १९५४ ची जॉन डी. मकीन. म्हणजे पाणी उपसण्याचा मुख्य भार सत्तेचाळीस ते सत्तर वर्षं जुन्या लोखंडावर होता. त्यातून ‘जुनं ते सोनं’ असा निष्कर्ष ज्याने काढला त्याने तारखा बघितलेल्याच नाहीत. आणि खुद्द हार्वी तरी १९३१ च्या अवस्थेत होती का? ती पेट्रोल इंजिनांवर चालणारी बोट होती. १९५७ मध्ये ती इंजिनं काढून डिझेल बसवली. तिचंही आधुनिकीकरण झालं म्हणून ती २००१ मध्ये चालू झाली.

नव्या बोटीत काय मिळालं तेही सांगतो. लांबी १४० फूट, वेग १८ नॉट, मिनिटाला ५०,००० गॅलन, म्हणजे सुमारे एक लाख नव्वद हजार लिटर. फायर फायटरच्या अडीच पट. पण माझ्या मते खरा फरक आकड्यात नाही. केबिनमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवता येतो आणि हवा गाळून आत येते, त्यामुळे रासायनिक किंवा किरणोत्सारी धुरातही खलाशी काम करू शकतात. फोमची सोय आहे. जखमींना घेण्याची, बुडणाऱ्यांना उचलून घेण्याची सोय आहे. किंमत सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर, आणि त्यातला मोठा भाग केंद्र सरकारच्या बंदर सुरक्षेच्या अनुदानातून. महाग आहे, नाही म्हणत नाही. कंत्राटांत काही खाल्लं गेलं असेल तर पुरावा द्या, त्यावर बोलू. मेसेजमध्ये पुराव्याची एक ओळ नाही.

पहिला मुद्दा दोन वाक्यांत संपतो. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची स्वतःची पहिली फायरबोट, विल्यम एफ. हेवमायर, १८७५ ची; त्याच्याही आधी १८६६ पासून भाड्याची बोट होती. शंका असेल तर १९८९ मध्ये अमेरिकेने फायर फायटरला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक केलं, त्या वेळची तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसची नोंद काढून वाचा. विल्यम फ्रान्सिस गिब्ज यांनी आखलेली, डिझेलवर वीज तयार करून तीच वीज एकदा पंपांना तर एकदा बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यांना देणारी ही बोट १९३८ पासून काय काय करत आली, ते त्यात आहे.

दुसरा मुद्दा, समारंभाचे फवारे. होय, उडवतात. मोठं जहाज पहिल्यांदा बंदरात आलं की स्वागताला उडवतात, तशी जुनी प्रथाच आहे, आणि फोटो त्याचेच निघतात. रात्री बारानंतर पेटलेल्या तेलात शिरणाऱ्या बोटीचा फोटो कोण काढणार? २ जून १९७३ ला व्हेराझानो पुलाजवळ सी विच या कंटेनर जहाजाचं सुकाणू गेलं आणि ते नांगरलेल्या एसो ब्रसेल्स या तेलवाहू जहाजावर आदळलं. पाण्यावर तेल पेटलं. फायर फायटर त्या आगीतून वाट काढत सी विचच्या मागच्या टोकाला भिडली आणि तिथे अडकलेली सुमारे तीस माणसं उतरवून घेतली. आधी माणसं उतरवली, जहाज विझवायचं नंतर. २००९ च्या जानेवारीत हडसनवर विमान उतरलं तेव्हाही मकीन तिथे धावली होती.

राहिला गोवा. मुरगावला न्यूयॉर्कएवढी बोट हवी असं मी म्हणत नाही, कुणी म्हणू नये. आजकाल बंदरांतल्या अनेक टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटींवर) पाण्याच्या तोफा आणि फोमची सोय असते, आपल्या गरजेला तो मार्ग जास्त शहाणपणाचा. पण ‘गरजच नाही’ हे कसं? २०१९ च्या ऑक्टोबरात मुरगावच्या बाहेर नांगरलेलं, नाफ्ता भरलेलं आणि वर एकही माणूस नसलेलं नु शी नलिनी हे जहाज वादळी समुद्रात वाहत येऊन दोना पावलाच्या खडकांवर अडकलं. नाफ्ता पेट्रोलसारखा पेटतो. तो पेटला असता तर त्यावर समुद्राचं पाणी मारून काय झालं असतं? २०२४ च्या जुलैत कारवारजवळच्या समुद्रात मेर्स्क फ्रँकफर्ट हे कंटेनर जहाज पेटलं, एक खलाशी दगावला. तटरक्षक दलाच्या बोटी भर पावसाळ्यात कित्येक दिवस झुंजत होत्या, आणि हेलिकॉप्टरमधून कोरडी रासायनिक पावडर टाकावी लागली. खाली अख्खा समुद्र असताना पावडर टाकावी लागली, हे मेसेज लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावं. आणि मांडवीत रात्रभर माणसांनी भरलेल्या कॅसिनो बोटी उभ्या असतात, त्यांची माणसं उतरवायची वेळ आली तर कुठली बोट किती मिनिटांत पोचेल, हा प्रश्न विचारायला हवा. खर्च वाचवण्याच्या नावाखाली तो दाबू नका.

भाच्याला आणि त्याच्या तांडेलाला जे सांगितलं तेच इथे लिहितो. मेसेज ज्या ज्या ग्रुपवर गेलाय तिथे एवढंच तरी पुढे पाठवा. इंजिन रूम पेटली तर इंजिन बंद करा आणि टाकीवरचा डिझेलचा व्हॉल्व्ह बंद करा. आत कुणी राहिलं नाही हे मोजून बघा. मग हॅच आणि हवेच्या वाटा घट्ट बंद करा, असतील त्या ओल्या गोण्यांनी फटी दाबा. सिलिंडर मारायचं ते बंद करायच्या आधी, आगीच्या बुडाशी. एकदा बंद केलं की ‘विझली का बघू’ म्हणून लगेच उघडू नका, हवा मिळाली की परत भडकते. वरचं डेक बाहेरून थोडं थोडं पाणी मारून थंड ठेवा, आणि ते पाणी साचू देऊ नका, डेकवरची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना बघा. गॅस सिलिंडर दूर हलवा. लाइफ जॅकेट घाला. व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनेल १६ वर बोला, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा, आणि हे आग विझवायला लागण्याच्या आधी, नंतर नव्हे. आणि काटा लाल पट्ट्यात असलेलं सिलिंडर पुढच्या फेरीआधी रिफिल करून घ्या, शेठ काहीही म्हणो.