पुस्तकी मूल्याखालचा एनबीएफसी शेअर खरोखर स्वस्त असतो का?

‘छोट्या एनबीएफसीचा (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचा) शेअर पुस्तकी मूल्यापेक्षा कमी भावाने मिळत असेल, ढोबळ एनपीए (एकूण कर्जांतील थकीत कर्जांचे प्रमाण) दोन टक्क्यांच्या आत असेल आणि कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत असेल, तर पैसे बुडण्याची भीती नाही,’ असा संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्यातील एकही निकष त्याला चिकटवलेला निष्कर्ष पेलू शकत नाही.

पहिला निकष पुस्तकी मूल्याचा, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेचा. कारखान्याच्या ताळेबंदात जमीन आणि यंत्रे असतात. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात मुख्यतः इतरांकडून येणे असते, आणि त्यातले किती परत येईल याचा अंदाज व्यवस्थापनच बांधते. समजा, 100 कोटींच्या कर्जांमागे स्वतःचे भांडवल 20 कोटी आहे आणि उरलेले 80 कोटी उसने आहेत. तरतूद न केलेली, म्हणजे नुकसानीसाठी आधीच रक्कम बाजूला न ठेवलेली, केवळ चार कोटींची कर्जे बुडाली, तरी भांडवलाचा पाचवा हिस्सा नाहीसा होतो. त्यामुळे 0.8 पट भावाने मिळणारा शेअर म्हणजे बाजाराची नजरचूकच, असे गृहीत धरता येत नाही. बाजाराने याच चार कोटींचा हिशेब आधी मांडलेला असू शकतो.

एनपीएचा आकडा तर याहून फसवा. साधारणपणे नव्वद दिवस हप्ता थकल्याशिवाय कर्ज एनपीए ठरत नाही, म्हणून मागच्या महिन्यात वाटलेली कर्जे व्याख्येनेच निर्दोष दिसतात. 100 कोटींपैकी चार कोटी थकलेली कंपनी वर्षभरात आणखी 100 कोटी वाटते आणि प्रमाण चारावरून दोन टक्क्यांवर आणते, वसुली एका रुपयानेही न सुधारता. म्हणून आजच्या थकबाकीला वर्षापूर्वीच्या कर्जरकमेने भागून पाहावे, आणि वर्षात निर्लेखित केलेली (वसूल होणार नाहीत म्हणून हिशेबातून काढलेली) कर्जे त्यात मिळवावीत. (गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात हा आकडा क्वचितच ठळक अक्षरांत असतो.)

नोंदणी हा व्यवसायाचा परवाना आहे, आर्थिक सुदृढतेची हमी नव्हे.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ती बाब मात्र सर्वांत गंभीर आहे: उसना पैसा केव्हा परत करायचा आहे? 2018 मध्ये पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणारी आयएलअँडएफएस ही कंपनी कोसळली, तेव्हा काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तिचे पतमानांकन सर्वोच्च श्रेणीचे होते. त्यानंतर रोखे बाजाराने इतर एनबीएफसींनाही नवे कर्ज देताना हात आखडला, आणि अल्पमुदतीच्या उधारीवर दीर्घ मुदतीची कर्जे देणाऱ्यांची कोंडी झाली. वार्षिक अहवालातील मुदतवार देणी-येण्यांचा तक्ता पाहिल्यावर पुढील बारा महिन्यांत येणे कमी आणि देणे जास्त दिसत असेल, तर भाव पुस्तकी मूल्याच्या निम्म्यावर असला तरी तो स्वस्त म्हणता येत नाही.