मटणाची ‘सात गुपितं’ आणि रात्रभर बाहेर राहिलेलं पातेलं

‘जगभरचे आचारी लपवून ठेवतात ती मटणाची सात गुपितं’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. या वेळी त्याखाली मावशीचा शेरा होता, ‘आजपासून असंच करणार.’ मग उत्तर देणं भागच पडलं. सातांतल्या बहुतेक मुद्द्यांनी फार तर जेवण बिघडेल. पाचव्याने माणसं आजारी पडतील, म्हणून क्रम सोडून त्याच्यापासूनच सुरुवात.

मुद्दा ५ : ‘रस्सा रात्रभर बाहेरच ठेवा. सकाळी खळखळून उकळला की सगळे जंतू मरतात. गरम अन्न फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये.’

तीन वाक्यं आणि तिन्ही चूक.

गुरं, मेंढ्या, डुकरं यांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू असतो आणि कापताना तो मांसाला लागतो. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली झोपलेली रूपं, उकळत्या पाण्यात मरत नाहीत. उलट चटका बसला की जागे होतात. आता गॅस बंद केल्यानंतरचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. उकळल्यामुळे रश्श्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून गेलाय. वर झाकण आहे, झाकणाखाली चरबीचा तवंग आहे. या जिवाणूला ऑक्सिजन नकोच असतो. त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू शिजवताना मेलेले. आणि पाच-सहा लिटरचा दाट रस्सा निवायला कित्येक तास घेतो, मधोमध तर सगळ्यात उशिरा. ४३ ते ४७ अंश सेल्सिअसला हा सगळ्यात जोरात वाढतो. साधारण १० मिनिटांत दुप्पट. तोच वेग धरला तर तीन तासांत १८ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांच्या वर. आपली झोप तीन तासांची नसते.

‘पण सकाळी उकळलं की मरतील ना?’ वाढलेल्या पेशी मरतील, रस्सा आतपर्यंत ७४ अंशांवर गेला तर. प्रत्यक्षात सकाळी सगळं पातेलं कोण खळखळवतं? वाटीभर काढून कोमट केलं जातं. शिवाय पातेल्यात तो एकटाच नसतो. वाढताना हातातून किंवा उष्ट्या चमच्यातून स्टॅफिलोकोकस हा दुसरा जिवाणू आत गेला आणि रात्रभर वाढला, तर त्याने सोडलेलं विष उकळूनही नष्ट होत नाही. जंतू मरतात, विष रश्श्यातच राहतं.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेच्या अंदाजानुसार एकट्या परफ्रिंजेन्समुळे तिथे वर्षाला जवळपास १० लाख लोक आजारी पडतात. खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत कळा आणि जुलाब सुरू होतात आणि बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो. म्हणूनच ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, काही होत नाही’ हे वाक्य टिकून आहे. होतं, पण दोष पातेल्याकडे जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट बिघडलं तर आदल्या रात्रीचं मटण कोणाला आठवतं? तरुण माणूस यातून निभावतो. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्या शरीरातलं पाणी पटकन कमी होतं.

मग करायचं काय? जेवणं झाली की रस्सा रुंद, उथळ भांड्यांत काढा. थर ५ सेंटिमीटरच्या वर नको. मोठी हाडं वेगळी काढा, ती उष्णता धरून ठेवतात. घाई असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, वाफ निघत असली तरी. ‘गरम ठेवू नये’ यात तथ्य एवढंच, की अख्खं पातेलं तसंच आत सरकवलं तर शेजारचं दूध तापतं आणि पातेल्याचा मधला भाग तरीही तासन्‌तास कोमटच राहतो. उपाय भांडं बदलण्याचा आहे, रात्रभर ओट्यावर ठेवण्याचा नाही. अमेरिकेतल्या हॉटेलांना लागू असलेला नियम याहून नेमका आहे: ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा कडक आहे, कारण जिवाणूचा आवडता पट्टा त्यातच येतो.

मेसेजवाल्याने पुरावा म्हणून मोरोक्को आणलंय: ‘तिथे मांस चरबीत महिनोन्‌महिने बाहेर टिकतं.’ टिकतं की! पण ‘खली’ नावाचं ते मांस करताना पट्ट्यांना मीठ, धने, जिरं, लसूण लावून आधी उन्हात वाळवतात आणि मग चरबीत पाणी पूर्ण उडेपर्यंत शिजवतात. तुर्कस्तानातला कावुर्मा, म्हणजे चरबीत साठवलेलं मांस घ्या, तिथेही मीठ आणि पाणी आटवणं हेच काम करतं. जंतूला वाढायला पाणी लागतं, ते तिथे नसतं. आपल्या रश्श्यात पाणीच पाणी, मीठ चवीपुरतं. त्यावरचा तवंग मांसाला राखत नाही, जिवाणूसाठी हवाबंद खोली करून देतो. दुसरा पुरावा म्हणजे चिनी स्वयंपाकातला वर्षानुवर्षं चालणारा मसाल्याचा स्टॉक, म्हणजे मांस शिजवायला पुन्हा पुन्हा वापरलेला तोच रस्सा. तो गाळतात, उकळतात, झटपट निववतात आणि वापर नसेल तेव्हा फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवतात. मेसेजमध्ये नेमका तेवढाच भाग गाळलाय.

मुद्दा ६ : ‘आतून गुलाबी म्हणजे कच्चं, तपकिरी म्हणजे शिजलं.’

हाही निरुपद्रवी नाही. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात. खिम्यात बाहेरची बाजू आत मिसळली जाते. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली आणि चार मुलं दगावली. खिमा ७१ अंशांवर पोचायच्या कितीतरी आधी तपकिरी दिसू शकतो, आणि कधी पोचल्यावरही गुलाबी राहतो. त्यामुळे रंगावर भिस्त नको. टोक असलेला थर्मामीटर घ्या आणि टिक्कीत वरून नाही, कडेने मध्यापर्यंत खुपसा.

उलट बाजूने, पोर्कचा चॉप गुलाबी दिसला म्हणून चपलेचा तळ होईपर्यंत तव्यावर ठेवायचंही कारण नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने मे २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांची मर्यादा ७१ वरून ६३ अंशांवर आणली आणि त्यावर ३ मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं. बीफ आणि मेंढीच्या अखंड तुकड्यांना हाच आकडा लागू आहे. रानडुकराला किंवा हरणाला मात्र ही सवलत नाही. शिकारीच्या मांसाला ७१.

मुद्दा १ : ‘आधी मोठ्या आचेवर भाजा, छिद्रं बंद होतात आणि रस आत राहतो.’

मांसाला छिद्रं नसतात, तेव्हा बंद काय होणार? ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकप्रिय केली. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅक्गी यांच्यासारख्यांनी ती केव्हाच खोडून काढली, तरी ती मरत नाही. तव्यावरचा ‘चर्र’ आवाज म्हणजेच बाहेर येऊन उडणारं पाणी. छिद्रं बंद झाली असती तर आवाजही बंद झाला असता.

भाजायचं ते चवीसाठी. त्यासाठी तुकडे कापडाने कोरडे करा, जाड बुडाचं भांडं नीट तापवा आणि तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडा. किलोभर मटण एकदम ओतलं की भांडं थंडावतं, पाणी सुटतं आणि तुकडे करड्या रंगाचे होऊन त्या पाण्यात उकडले जातात. तीन खेपा कराव्या लागल्या तर कराव्या.

मुद्दा २ आणि ३ : ‘लाल पाणी म्हणजे रक्त, ते जाईपर्यंत गरम पाण्याने धुवा, जंतूही जातात.’

रक्त जवळजवळ सगळं कापतानाच निघून जातं. हे पाणी आणि त्यातलं मायोग्लोबिन हे स्नायूतलं रंगद्रव्य. धुऊन जंतू जात नाहीत, सिंकभर उडतात. करवतीने कापलेल्या हाडाचा भुसा किंवा केस दिसले तर पुसून घ्या, हवं तर हलक्या धारेखाली धरा. वजडीची गोष्ट वेगळी, ती धुवावीच लागते. पुढे.

मुद्दा ४ : ‘कच्ची पपई भरपूर लावून रात्रभर ठेवा, लोण्यासारखं होतं.’

लोण्यासारखं नाही, वरून चिखल आणि आतून चिवट होतं. पपईतलं पपेन हे मांस मऊ करणारं विकर (एन्झाइम) काही मिलिमीटरच आत जातं. जिथे पोचतं तिथे मात्र थांबत नाही. त्याचा खरा जोर ५० ते ७० अंशांदरम्यान असतो, म्हणजे मांस तापायला लागल्यावर. किलोला दोन मोठे चमचे वाटण, अर्धा-पाऊण तास, तेही पातळ काप किंवा खिम्याला, पुरे. कोरियात बुलगोगी या भाजलेल्या बीफच्या पदार्थाला नाशपाती किसून लावतात तेव्हा बीफ कागदासारखं पातळ कापलेलं असतं. म्हणून ते जमतं. डब्यातला अननस वापरून काही होत नाही, कारण डबाबंद करताना तापवल्यामुळे त्यातलं विकर आधीच निकामी झालेलं असतं.

मुद्दा ७ : ‘जितकं जास्त शिजवाल तितकं मऊ.’

हा अर्धा खरा. नळी, खांदा, मान, छाती हे राबणारे भाग. त्यांत कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. ६० अंशांच्या पुढे ते आकसतं आणि मांसातलं पाणी पिळून काढतं. तासाभराने तुकडा चावून ‘अजून रबरच’ म्हणतो, ती हीच अवस्था. ७० च्या पुढे त्याचं हळूहळू जिलेटिन होतं, ८० ते ८५ ला वेग येतो. मिलानच्या ओस्सोबुकोला, म्हणजे नळीच्या मांसाच्या पदार्थाला, दोन तास लागतात ते यासाठीच, आणि टेक्ससमध्ये धुरावरचं ब्रिस्केट (बीफच्या छातीचा तुकडा) ९३ ते ९६ अंशांवर उतरवतात तेही यासाठीच. तिथे ६५ ते ७५ च्या दरम्यान पारा तासन्‌तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडून मांस थंड करत राहतं. नवखा तिथेच घाबरून आच वाढवतो आणि कडा जाळतो.

पण कण्याखालची मऊ पट्टी, जिला टेंडरलॉइन म्हणतात, तिच्यात कोलॅजन नावालाच असतं. ती दोन तास शिजवली तर मऊ व्हायला काही उरलेलंच नसतं, फक्त कोरडी होते. आणि नळीसुद्धा खळखळून उकळू नका. मिनिटाला चार-दोन बुडबुडे येतील एवढीच आच. खांद्याचे तुकडे असे दीड ते दोन तासांत होतात. सुरी टोचून बघा: आत जाताना नाही, बाहेर काढताना तुकडा सुरीला धरून वर आला तर अजून अर्धा तास.

नळीचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो, हे मेसेजचं म्हणणं मान्य. रात्री उथळ भांड्यात फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी वरची चरबी पापडासारखी अखंड उचलता येते आणि खाली रस्सा जेलीसारखा घट्ट बसलेला असतो.